छिन्नमनस्कतेची जैविक चिन्हके

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या रक्तात, मेंदूत किंवा शरीरक्रियांत मोजता येण्याजोग्या खुणा. भ्रम, भास, विचारांतील विस्कळितपणा आणि भावना व इच्छाशक्ती यांचा लोप या लक्षणांवरून आजही मुलाखतीद्वारेच निदान होते. रक्ततपासणी किंवा एमआरआय सांगितले जाते ते थायरॉइडचा विकार, मेंदूतील गाठ, मेंदूदाह अशी दुसरी कारणे वगळण्यासाठी.

आरंभीच्या शोधांपैकी सर्वांत बोधप्रद प्रकरण ‘गुलाबी ठिपक्या’चे आहे. १९६२ मध्ये फ्रीडहॉफ आणि व्हॅन विंकल यांनी रुग्णांच्या लघवीतील एक द्रव्य वेगळे केले, जे कागदावरील रासायनिक चाचणीत गुलाबी ठिपक्याच्या रूपाने उमटत असे. ते मेस्कॅलिन या भास निर्माण करणाऱ्या पदार्थाशी रचनेने मिळतेजुळते असल्याने आशा वाढली. पुढे मात्र इतर प्रयोगशाळांना तोच निष्कर्ष सातत्याने मिळेना, आणि ठिपक्याचा संबंध आजारापेक्षा आहाराशी व औषधांशी असल्याचा संशय बळावला. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहणाऱ्यांचे जेवण, धूम्रपान आणि गोळ्या बाहेरच्या माणसांपेक्षा वेगळ्या असतात; या अडचणीने संशोधकांची पाठ अजूनही सोडलेली नाही.

मेंदूच्या चित्रणातून मिळालेला पुरावा अधिक टिकाऊ ठरला. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील ईव्ह जॉन्स्टोन आणि सहकाऱ्यांनी, दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुंदावलेल्या असतात, हे सीटी स्कॅनद्वारे दाखवले. आजार नुकताच सुरू झालेल्या रुग्णांतही असा फरक आढळतो, तेव्हा तो सगळाच औषधांच्या माथी मारता येत नाही. परंतु हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. कित्येक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसांसारख्याच असतात, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही’ हा नातेवाइकांचा समज चुकीचा ठरतो.

हलत्या वस्तूमागे नजर सलग फिरवताना रुग्णांचे डोळे अडखळतात, हे डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते. फिलिप हॉल्झमन यांनी १९७३ नंतर हा विषय पुन्हा पुढे आणला आणि हाच दोष रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांतही दाखवला; म्हणजे ती आजाराची नव्हे, तर आनुवंशिक प्रवणतेची खूण असावी. हा दोष इतर मनोविकारांतही दिसतो.

एकसारख्या आवाजांच्या मालिकेत मध्येच वेगळा आवाज आला, की मेंदूच्या विद्युतलेखात एक विशिष्ट लहर उमटते. छिन्नमनस्कतेत ती सरासरीने क्षीण असते. या चाचणीत रुग्णाला काही बोलावे लागत नाही, आणि ग्वाल्हेरसारख्या शहरात या गोष्टीला वेगळेच महत्त्व आहे. लष्कर भागातील, शिंदे दरबाराच्या काळापासून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरी मराठी आणि बाहेर हिंदी चालते. मानसिक आरोग्यशाळेत हिंदीतून मुलाखत देणाऱ्या वृद्ध मराठी गृहिणीच्या वाक्यांची सरमिसळ ही दोन भाषांची आहे की विचारांच्या विस्कळितपणाची, हे तिच्या माणसांना विचारल्यावाचून ठरवणे कठीण जाते. तूर्त मात्र ही लहर मोजूनही एका व्यक्तीचे निदान करता येत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी त्यातूनही एखादी ठळक खूण हाती लागलेली नाही. २०१४ मधील आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील १०८ जागा आजाराशी निगडित आढळल्या, २०२२ मध्ये ही संख्या २८७ वर गेली, आणि त्यांतील बहुतेकींचा एकेकटा परिणाम अत्यल्प आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा गहाळ असलेल्यांत मात्र आजाराचे प्रमाण सुमारे चौथाईपर्यंत जाते. पण असे लोक विरळ. याउलट या आजारावरील क्लोझापिन हे औषध घेणाऱ्यांचे रक्त सुरुवातीला दर आठवड्याला तपासले जाते. ते औषधामुळे पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, हे पाहण्यासाठी असते, आजाराचा त्यातून काहीही पत्ता लागत नाही.