ठाणे लोकलच्या सवयींमागची गोष्ट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डब्यांची पहिली गाडी ठाण्याला आली. आत सुमारे ४०० पाहुणे, तेही आमंत्रण देऊन बोलावलेले. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि ठाणे शेवटचं स्टेशन राहिलं नाही. आपल्या आजच्या बऱ्याच सवयींचं मूळ मला इथे दिसतं, कारण आज कल्याणकडची गाडी ठाण्यात येते ती आधीच भरून.

म्हणून ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलला एवढा मान. मुलुंड-नाहूरचे काही जण पास ठाण्यापर्यंतचा काढतात, सकाळी आधी उलटे ठाण्याला येतात आणि त्याच गाडीत बसून मुंबईला जातात. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. नवख्याला हसू येतं, पण तासभर उभं राहिलेल्या पाठीला विचारा!

चौथ्या सीटचंही तसंच. बाक तिघांचा, चौथा येतो, हाताने 'जरा सरका' अशी खूण करतो आणि अर्ध्या मांडीवर टेकतो. तिघे सरकतात. असा नियम कुठेच लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. 'कुठे उतरणार?' हा प्रश्नही चौकशीचा नाही, उठणाऱ्याची जागा आधीच सांगून ठेवण्याचा आहे.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. विजेची गाडी झटकन वेग घेते आणि स्टेशनात थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात उतरायचं तर दोन स्टेशनं आधीच दाराशी सरकावं लागतं, पुढच्याला 'ठाणा ना?' विचारत.

रोज तीच गाडी, तोच डबा, म्हणून ग्रुप झाले. भजनं आली, दसऱ्याला डब्यात तोरणं लागली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला, तेव्हा ऐरोली-घणसोलीला जाणाऱ्या ठाणेकरांना घराजवळून सुटणारी गाडी मिळाली. तिथे आता खिडकीला डोकं टेकून झोपणारे जास्त.

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये समोरच्या ताईंनी मांडीवर पिशवी उघडून मटार सोलायला घेतले. भांडुप येईस्तोवर शेजारच्या दोघींचे हात त्यात होते. ओळख कुणाचीच नव्हती. सालं पिशवीत, दाणे डब्यात. मुलुंडला झाकण लागलं आणि तिघी दाराकडे सरकल्या.