नादार ठरणं आणि नादारीतून सुटणं

बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका परवा कोर्टाचा हुकूम लॅमिनेट करून घेऊन आले, दहावीच्या सर्टिफिकेटासारखा. "मी आता नादार, म्हणजे दिवाळखोर. म्हणजे कर्जं संपली ना?" मी प्लास्टिकवर बोट ठेवून शेवटची ओळ दाखवली: मुक्ततेचा, म्हणजे कर्जातून सुटण्याचा, अर्ज सहा महिन्यांत करावा. हुकमाला अकरा महिने झाले होते.

वकिलाच्या कचेरीत अर्ज टाइप करता करता केस पिकले माझे, आणि हा एकच घोळ दर पावसाळ्यासारखा परत येतो.

बँकेशी सेटलमेंट म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. एक बँक, एक रक्कम, एक पत्र आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदींवर) 'सेटल्ड'चा डाग. नादारीत सगळे धनको, म्हणजे कर्ज देणारे, एकत्र आणि मध्ये कोर्ट. आपल्याकडे त्यासाठी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. अर्ज जिल्हा कोर्टात, म्हणजे हल्ली दिवाळीपुऱ्यात. (दिवाळं काढायला दिवाळीपुरा, हा विनोद तिथल्या वकिलांना ऐकवू नका.) २०१६च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) नेतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मुद्द्याचं. नादारीत हुकूम दोन असतात. पहिल्याने तुम्ही नादार ठरता. त्याने कर्जाचा एक पैसाही माफ होत नाही. फक्त धनकोंना कोर्टाच्या परवानगीवाचून दावा लावता येत नाही, आणि तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, हाती जाते. पुढे मिळेल तीसुद्धा! मुक्तता होण्याआधी आजोबांच्या घरातला हिस्सा वाट्याला आला, तर तोही रिसीव्हरकडे. आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर तो गुन्हा. पन्नास रुपये! वाण्याकडची साखर-चहाची उधारीसुद्धा त्यात बसते.

कर्ज सुटतं ते दुसऱ्या हुकमाने, मुक्ततेच्या. तो आपोआप येत नाही, मागावा लागतो. मुदतीत मागितला नाही, तर कोर्ट पहिला हुकूमच रद्द करतं आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पुन्हा अर्जही करता येत नाही. लोक फसतात ते अमेरिकेतल्या भाच्यामुळे. तिथल्या दिवाळखोरी कायद्याच्या 'चॅप्टर सात'मध्ये बहुधा चारेक महिन्यांत सुटका होते, वेगळा अर्ज न करता. भाचा फोनवर तेच सांगतो आणि मामा इथे निवांत बसतो.

मागितली म्हणून मिळते असंही नाही. बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणेही मालमत्ता नसेल आणि त्यात आपला दोष नाही हे पटवता आलं नाही, हिशेबाच्या वह्या ठेवल्या नसतील, किंवा पैसा सट्ट्यात उडवला असेल, तर बिनशर्त मुक्तता नाही. मिळाली तरी सरकारी देणं आणि फसवणुकीचं देणं राहतं. जामीनदार तर मुळीच सुटत नाही. ही गोष्ट जावयाला जामीन ठेवणाऱ्यांनी दोनदा वाचावी. घर तारण असेल तर बँकेचा त्यावरचा हक्क तसाच.

चेक बाउन्सचा खटला वेगळा, त्यावर इथे नको.

वकील ठरवताना मी एकच प्रश्न विचारायला सांगते: मुक्ततेचा अर्ज तुमच्या फीत धरलाय का? "ते पुढचं पुढे बघू" म्हणणारा वकील पहिल्या हुकमानंतर फोन उचलेनासा होतो. सुटलेल्या कर्जावर टक्का मागणारा तर दारातच नको. निकालावर फी ठरवायला वकिलांना बंदी आहे, तशीच जाहिरात करायलाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवर 'शंभर टक्के कर्जमुक्ती' मिरवणारा बहुतेक वेळा वकील नसतो, एजंट असतो. बायकांना तर मिळकत कितीही असली तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, पण तिथे जाण्याची लाज एजंटला पैसे देण्याच्या लाजेपेक्षा मोठी असते, काय करणार.

काकांचा पहिला हुकूम अजून रद्द झालेला नव्हता. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, म्हणून तसा अर्ज टाइप केला. सोबत हुकमाची झेरॉक्स हवी होती. प्लास्टिकवर उजेड परततो, शेवटची ओळच दरवेळी पांढरी येत होती. शेवटी काकांनी नवी नक्कल काढायला अर्ज दिला.