220 वजा वय? बायकांसाठी हा हिशोब चुकतो

जिममध्ये ट्रेडमिलसमोर तो तक्ता असतोच, 220 मधून वय वजा करा, आले तुमच्या हार्टचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, बाई असो की बुवा सगळ्यांना तोच नियम. माझी आई 60 ची, तिच्या घड्याळात 160 दिसतं आणि तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ती हिरमुसते. आई, तुझं काही चुकत नाहीये, तो आकडाच तुझ्यासाठी नाही गं!

हे सूत्र 1971 च्या आसपास आलं, जुन्या अभ्यासांमधले आकडे एकत्र मांडून अंदाजाने ओढलेली रेष होती ती, आणि त्या अभ्यासांमध्ये पुरुषच जास्त. वय वाढलं की हार्टचा नैसर्गिक पेसमेकर, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणारा हार्टमधलाच भाग, मंदावतो आणि अॅड्रेनलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, हे दोघांचंही होतं, पण उताराचा वेग सारखा नसतो. शिकागोत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मार्था गुलाटी यांच्या टीमने पाच हजारांहून जास्त निरोगी बायकांच्या स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ती) बघितल्या आणि 2010 मध्ये वेगळं सूत्र दिलं: वयाचे 88 टक्के काढा आणि ते 206 मधून वजा करा. म्हणजे 60 व्या वर्षी साधारण 153, आणि 45 व्या वर्षी 175 नाही तर 166.

स्ट्रेस टेस्टमध्ये बहुतेकदा जास्तीत जास्त ठोक्यांच्या 85 टक्के गाठायचे असतात, त्यामुळे जुना हिशोब धरला तर चांगल्या तब्येतीची बाईसुद्धा कमी पडल्यासारखी दिसते. आणि नवीन सूत्रही सरासरीच आहे बरं का, एखादीचे ठोके त्याहून दहा-बारा इकडेतिकडे असणं नॉर्मल, बीटा ब्लॉकर, म्हणजे हार्टचे ठोके कमी करणारं औषध, चालू असेल तर कुठलंच सूत्र लागू नाही, तेव्हा डॉक्टरांनाच विचारा.