हंगामातली पहिली शर्यत आणि २० किलोज्यूलची गंगाजळी

हौशी माउंटन बाइक संघांच्या पहिल्या दोन-तीन शर्यतींत एक दृश्य वारंवार दिसतं. बंदुकीचा आवाज होताच पहिल्या दहांत घुसलेले दोघे-तिघे पहिल्या मोठ्या चढाच्या मध्यावर एकाएकी ढेपाळतात. मागचे एकेक करून पुढे निघून जातात आणि उरलेली शर्यत ही मंडळी नुसती रेटतात. शर्यत संपल्यावरचं कारणही ठरलेलं असतं: "पायांत लॅक्टिक ॲसिड साचलं."

हे कारण इतकी वर्षं आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातंय की ते खोडून काढणारा माणूसच आगाऊ वाटतो. तरी खोडायला हवं, कारण त्यामुळे खरं कारण झाकलं जातं. आणि खरं कारण फार देखणं आहे, त्यात शाळेतलं गणित आहे.

आधी लॅक्टिक ॲसिडचा हिशेब चुकता करू. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बेडकाचा स्नायू दमेपर्यंत आकुंचन पावला की त्यात लॅक्टिक ॲसिड वाढतं. पुढे हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. दमणूक आणि लॅक्टिक ॲसिड एकत्र दिसतात, म्हणजे एक दुसऱ्याचं कारण, असा समज तिथून पसरला. पण शरीरात ७ च्या आसपासच्या सामूला (पीएच) हजारात एक रेणूही आम्लरूपात राहत नाही, जवळजवळ सगळं लॅक्टेटच असतं. हे लॅक्टेट म्हणजे कचरा नव्हे. हृदय आणि शेजारचे स्नायूतंतू ते इंधन म्हणून जाळतात. १९५१ मध्ये मॅकार्डल या डॉक्टरांनी एक विलक्षण रुग्ण नोंदवला. त्याचे स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, फोडूच शकत नव्हते, त्यामुळे व्यायामानं त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढत नव्हतं. लॅक्टिक ॲसिडच दोषी असतं तर हा माणूस अथक धावायला हवा होता. प्रत्यक्षात तो थोड्याशा श्रमानं दमायचा आणि त्याचे स्नायू दुखायचे.

जोराच्या श्रमात स्नायूची आम्लता वाढते आणि जळजळीत तिचा वाटा असतो, एवढं मान्य. पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते "साचलेल्या लॅक्टिक ॲसिड"मुळे, असं म्हणून ते "बाहेर काढायचं" मालिश कोणी विकत असेल तर खुशाल नाही म्हणा. लॅक्टेट तासाभरात मूळ पातळीवर आलेलं असतं.

मग चढाच्या मध्यावर होतं काय?

हिल यांनीच १९२५ मध्ये धावणं, पोहणं, सायकलिंग अशा खेळांतले विक्रम घेऊन वेग आणि वेळ यांचा आलेख मांडला. सुरुवातीला तो झपकन खाली येतो आणि मग जवळजवळ आडवा होतो. १९६५ मध्ये मोनो आणि शेरेर या दोघांनी स्नायूंच्या कामासाठी याच वक्राला सोपं गणिती रूप दिलं, आणि पुढे ते सायकलिंगला लावलं गेलं. त्यात फक्त दोन आकडे आहेत. पहिला 'क्रिटिकल पॉवर'. ही वॉटमध्ये मोजलेली एक सीमारेषा. तिच्या खाली बराच वेळ टिकता येतं, वर गेलं की घड्याळ सुरू होतं. दुसरा 'डब्ल्यू प्राइम', म्हणजे रेषेच्या वर गेल्यावर खर्च करायला मिळणारी ठरावीक ऊर्जा. ही प्रत्येकाची गंगाजळी. बहुतेकांची १० ते २५ किलोज्यूलच्या आसपास असते.

नियम एका वाक्यात सांगता येतो: तुम्ही रेषेच्या जितके वॉट वर, तितके ज्यूल दर सेकंदाला गंगाजळीतून जातात. समजा रेषा २५० वॉटवर आहे आणि शिल्लक २० किलोज्यूल आहे. ३०० वॉटनं पेडल मारलं तर सेकंदाला ५० ज्यूल खर्च, म्हणजे ४०० सेकंद टिकाल. ३५० वॉटला २०० सेकंद, ४५० ला १००. शिल्लक शून्यावर आली की तुमची इच्छाशक्ती कितीही दांडगी असो, रेषेच्या वर राहता येत नाही. खाली यावंच लागतं.

ही रेषा काल्पनिक नाही. २००८ मध्ये अँड्र्यू जोन्स आणि सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआयसारख्या चुंबकीय यंत्रात ठेवून त्यांच्याकडून पायाचा व्यायाम करून घेतला आणि व्यायाम चालू असतानाच मांडीच्या स्नायूतली रसायनं मोजली. रेषेच्या १० टक्के खालच्या श्रमात क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा, थोडं उतरतं आणि मग स्थिर होतं. रेषेच्या १० टक्के वर ते स्थिर होतच नाही, थकून थांबेपर्यंत उतरत राहतं. क्रिएटिन फॉस्फेट फुटलं की मोकळं फॉस्फेट साचतं. हे फॉस्फेट स्नायूतल्या प्रथिनांची एकमेकांवरची पकड सैल करतं आणि आकुंचनाचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमच्या वाटेतही येतं. ज्या गुन्ह्याची शिक्षा लॅक्टेट शंभर वर्षं भोगतंय, त्यातला एक खरा संशयित हा.

आता दोन हंगामांमधल्या विश्रांतीच्या महिन्यांकडे वळू. १९८४ मध्ये एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंना सराव पूर्ण थांबवायला लावला. पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची कमाल ऑक्सिजन क्षमता (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) ७ टक्क्यांनी घसरली, ८४ दिवसांनी १६ टक्क्यांनी. सुरुवातीच्या घसरणीत मोठा वाटा रक्ताचा होता. सराव थांबला की रक्तातला द्रवभाग घटतो, हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकतं. त्यानंतर स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे ऑक्सिजन वापरून इंधन जाळणाऱ्या पेशींतल्या भट्ट्यांची, वितंचकं (एन्झाइम) उतरतात. केशवाहिन्यांचं जाळं मात्र बराच काळ टिकून राहतं. हौशी स्वार सहसा सराव पूर्ण बंद करत नाहीत, अधूनमधून सायकल चालवतात, त्यामुळे त्यांची घसरण याहून सौम्य असते. तरी रेषा खाली येतेच, कारण ती ऑक्सिजनच्या पुरवठ्यावर उभी आहे.

इथून पुढे कागद-पेन्सिल घ्या. एक स्वार कल्पू. गेल्या हंगामाच्या शेवटी त्याची रेषा २६० वॉटवर होती, आता २३५ वर आहे. घट १० टक्क्यांहूनही कमी. गंगाजळी तेव्हाही २० किलोज्यूल, आताही तेवढीच धरू, कारण दमसासाच्या सरावानं हलते ती मुख्यतः रेषा. वाटेत एक चढ आहे, तो ३२० वॉटनं पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत चढता येतो. गेल्या हंगामात तो रेषेच्या ६० वॉट वर होता. २०,००० भागिले ६०, म्हणजे ३३३ सेकंद. माथा गाठून वर ३३ सेकंद शिल्लक. आता तो रेषेच्या ८५ वॉट वर आहे. २०,००० भागिले ८५, म्हणजे २३५ सेकंद. माथ्याच्या ६५ सेकंद अलीकडे तिजोरी रिकामी.

रेषा दहा टक्केसुद्धा हलली नाही आणि टिकण्याचा वेळ तीस टक्क्यांनी कापला गेला. असं का, तर भागाकारात खाली ताकद येत नाही, ताकद आणि रेषा यांतला फरक येतो. मोठ्या आकड्यातली छोटी हालचाल फरकात भलीमोठी दिसते. मला या सगळ्या विषयातली ही एक गोष्ट सर्वांत आवडते. पहिल्या शर्यतीतल्या पडझडीचं जवळजवळ सगळं स्पष्टीकरण या एका वजाबाकीत आहे.

यात अजून सुरुवातीची मुसंडी धरलेली नाही. क्रॉस-कंट्री शर्यतीत सगळे एकदम सुटतात. सुरुवातीचा रस्ता रुंद असतो आणि थोड्याच अंतरावर तो सिंगलट्रॅकमध्ये, म्हणजे एकच सायकल मावेल अशा वाटेत शिरतो. तिथे ओलांडायला जागा नसते, म्हणून आधीच पुढे घुसण्यासाठी झुंबड उडते. आपला स्वार ३० सेकंद ६०० वॉट मारतो असं समजू. रेषेच्या ३६५ वॉट वर, गुणिले ३०, म्हणजे जवळपास ११ किलोज्यूल. निम्म्याहून जास्त गंगाजळी अर्ध्या मिनिटात उडाली. लगेच चढ लागला तर हातात ९ किलोज्यूल. मुसंडी मारली नसती तर २० किलोज्यूल पुरवून पुरवून वापरत, सुमारे २९७ वॉटनं, तो चढ ५ मिनिटं २३ सेकंदांत चढला असता. आता २६० वॉटच्या आसपास ठेवलं तरच रिकामा न होता पोचेल, आणि वेळ लागेल ६ मिनिटं १० सेकंद. (पडताळायचं असेल तर चढाचं एकूण काम ३२० गुणिले ३००, म्हणजे ९६ किलोज्यूल धरा, त्यातून गंगाजळी वजा करा आणि उरलेल्याला २३५ नं भागा.) मुसंडीची किंमत चढावरची ४७ सेकंदं. सिंगलट्रॅकच्या तोंडाशी गर्दीत अडकून याहून जास्त वेळ जाणार असेल तर मुसंडी योग्यच. वाटेची पाहणी करताना हे आधी पाहून ठेवायचं असतं.

गंमत अशी की मुसंडीच्या वेळी आपण ढिले झालोय याची चाहूलही लागत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटाची ताकद मुख्यतः स्नायूत आधीच साठलेल्या इंधनातून येते, रक्तातल्या द्रवाशी तिचा फारसा संबंध नसतो. वर विश्रांतीमुळे पाय ताजे. म्हणून गेल्या हंगामाइतकीच झेप बसते आणि "तयारी मस्त आहे" असा निरोप मिळतो. ऑक्सिजनची तूट कळते ती दोन-तीन मिनिटांनी, भर चढावर.

रेषेच्या खाली आलं की गंगाजळी पुन्हा भरते. सुरुवातीला झरझर, मग रेंगाळत, आणि रेषेच्या जितकं खाली तितकी लवकर. पक्क्या रस्त्यावरच्या शर्यतीत उतार म्हणजे विसावा असतो. माउंटन बाइकवर तसं नाही. पेडलवर शून्य वॉट दिसत असतात, पण स्वार पेडलांवर उभा असतो, मांड्या-दंड-पाठ ताणलेले, हात ब्रेकवर आवळलेले. हृदयाचे ठोके उतारावरही फारसे खाली येत नाहीत. त्यामुळे वॉटचे आकडे घालून संगणकानं सांगितलेली शिल्लक उतारानंतर जरा जास्तच आशावादी असते, ती बेतानं घ्यावी.

संघ असूनही चढावर सोबत्यांची मदत का होत नाही, हेही भौतिकशास्त्रच सांगतं. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला एकट्या स्वाराचे ३०० वॉटच्या आसपास हवा कापण्यात जातात, म्हणून दुसऱ्याच्या मागे लपण्यात अर्थ असतो. ताशी १२ किलोमीटरच्या चढावर हवेला १० वॉटसुद्धा लागत नाहीत. लपून वाचवणार काय? ज्यानं त्यानं आपापल्या गंगाजळीवरच चढायचं.

सायकल शर्यतींच्या जगात १३ क्रमांक मिळाला की अपशकुन टळावा म्हणून तो उलटा लावायची जुनी रीत आहे. ती निरुपद्रवी, लावा बापडे. 'ऑक्सिजनयुक्त पाण्या'च्या बाटल्या मात्र फुकट मिळत नाहीत. साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ८-९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. बाटलीत त्याच्या दहापट कोंबला आणि आतड्यानं तो सगळाच्या सगळा शोषला असं उदार मनानं गृहीत धरलं, तरी तो भरतो ६० मिलिलिटरच्या आसपास. शर्यतीतला तयार स्वार मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे एक लिटर पाणी पिऊन जेमतेम एका सेकंदाची सोय.

सराव पुन्हा सुरू झाला की रक्तातला द्रव सर्वांत आधी परततो. एकाच जोरकस व्यायामानंतर दिवस-दोन दिवसांत तो वाढलेला मोजता येतो. त्यामुळे पहिल्या शर्यतीत कोसळलेला स्वार दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीत बराच सावरलेला दिसतो, आणि श्रेय मधल्या काळात बदललेल्या टायरला किंवा नव्या पावडरीला जातं. मायटोकाँड्रियांचं काम त्यामानानं संथ, त्याला आठवडे लागतात.

रेषा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, पेडलवरचे वॉट मोजणारा पॉवर मीटर पुरतो. ताज्या पायांनी, वेगवेगळ्या दिवशी, एकदा ३ मिनिटं आणि एकदा १२ मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं. आपल्या स्वाराला ३ मिनिटांत सरासरी ३४६ वॉट मिळाले, म्हणजे ६२.३ किलोज्यूल काम. १२ मिनिटांत २६३ वॉट, म्हणजे सुमारे १८९ किलोज्यूल. कामांतला फरक भागिले वेळेतला फरक (५४० सेकंद) केला की २३५ वॉट येतात. ती रेषा. तिला १८० सेकंदांनी गुणून ६२.३ मधून वजा केलं की २० किलोज्यूल उरतात. ती गंगाजळी. मध्ये ६-७ मिनिटांची तिसरी चाचणी घातली तर वेळ आणि काम यांच्या आलेखावर तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात का तेही दिसतं. येत नसतील तर एखाद्या दिवशी जीव पुरता तोडला नव्हता असं समजावं आणि ती चाचणी पुन्हा करावी. हे सगळं पहिल्या शर्यतीच्या किमान आठवडाभर आधी उरकावं, आणि सायकलवरच्या संगणकात गेल्या हंगामाचे २६० वॉट अजून तसेच असतील तर ते त्याच दिवशी पुसावेत.