पिकअपवर कॅम्पर असेल, तर टायरचं माप कसं ठरवावं

कॅम्पर, म्हणजे हौद्यावर राहण्याची खोली, बसवलेल्या पिकअपसाठी टायर घेताना बहुतेकांची नजर आधी उंचीवर आणि नक्षीवर जाते. आमचा आग्रह आहे, आधी वजन बघा. टायर चाकाच्या कमानीत मावतो की नाही हे नंतर पाहता येतं, पण तो ओझ्याला पुरतो की नाही हे विकत घेण्याआधीच कळायला हवं.

समजा तुमच्या टायरवर २५५/६० आर १८ १०८ एस असं लिहिलं आहे. २५५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. इथवर सगळे वाचतात. खरी गोष्ट पुढच्या १०८ मध्ये आहे: हा एक टायर जास्तीत जास्त १,००० किलो उचलतो. १०४ असेल तर ९०० किलो, १०९ ला १,०३०, ११२ ला १,१२०, ११६ ला १,२५०. एकाच मापाचा टायर १०८ मध्येही येतो आणि ११२ मध्येही, म्हणून दुकानात नुसतं माप सांगून टायर मागू नका. शेवटचं अक्षर वेगाचं आहे, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. कॅम्पर घेऊन त्याच्या जवळपासही कोणी जात नाही.

आधी वजनकाटा

गाडी भरून काट्यावर न्या. भरून म्हणजे डिझेल फुल, पाण्याची टाकी काठोकाठ, सिलिंडर, जादा बॅटरी, भांडी, अंथरूण आणि प्रवासाला निघणारी सगळी माणसं आपापल्या जागी. ८० लिटरची टाकी रिकामी ठेवून वजन केलंत, तर ८० किलो हिशेबातून गळाले. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं अशा तीन पावत्या घ्या. काट्याशेजारची जमीन समतल असेल, तर एका बाजूची मागची चाकं वेगळी मोजून घ्या. ही मोजणी फार मोलाची आहे.

का, ते उदाहरणाने बघा. मागच्या एक्सलवर १,६६० किलो भरले. निम्मे केले की चाकामागे ८३० येतात. त्यात १५ टक्के राखीव धरली की ९५५ किलो, म्हणजे १०७ (९७५ किलो) पुरेल असं वाटतं. पण पाण्याची टाकी आणि स्वयंपाकाचा ओटा दोन्ही डाव्या अंगाला असतील, तर डाव्या चाकावर ८८० आणि उजव्यावर ७८० असू शकतात. ८८० वर १५ टक्के धरले की १,०१२ होतात, तिथे १०८ सुद्धा कमी पडतो. टायर नेहमी सर्वात जड चाकाच्या हिशेबाने घ्या, आणि चारही चाकांना तोच घ्या.

पूर्ण गाडीचं वजन आरसीवरच्या सकल वजनाच्या वर गेलं असेल, तर जड टायर हा त्यावरचा इलाज नाही. पाटे, एक्सल, ब्रेक तेच राहतात. हवेचे बलून किंवा जादा पाटा बसवला की मागची बाजू उचललेली दिसते, पण टायरवरचं ओझं किलोभरही कमी होत नाही. कॅम्पर कायमचा बोल्ट करणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या.

हवा

टायरवरचा वजनाचा आकडा पूर्ण हवेवरच खरा असतो. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. १० प्लायचा एलटी, म्हणजे जड ओझ्यासाठीचा जाड टायर घेतला, त्यावर १२० म्हणजे १,४०० किलो लिहिलं आहे, आणि हवा मात्र जुन्या सवयीने ३५ पीएसआय भरली. ते १,४०० किलो बहुधा ८० पीएसआयचे असतात, टायरवर तसं छापलेलंही असतं. ३५ वर हा जाड टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षाही कमी ओझं पेलतो. बाजू दुमडत राहते, आतून तापते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात लांबच्या पल्ल्यावर टायरमधले पोलादी पट्टे सुटतात. हवा कंपनीच्या तक्त्यातून, तुमच्या चाकावरच्या वजनाप्रमाणे ठरवावी. ती सकाळी, गाडी थंड असताना भरावी. चालवून चार-सहा पीएसआय वाढलेले दिसले म्हणून काढू नका.

घरच्या घरी ताडून पाहायचं असेल, तर टायरच्या तोंडावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि कोरड्या रस्त्यावर शंभर मीटर सरळ चालवा. फक्त दोन्ही कडा पुसल्या तर हवा कमी आहे, फक्त मध्य पुसला तर जास्त. तक्त्यातल्या आकड्याखाली मात्र कधीच उतरू नका.

६५ पीएसआयच्या वर जाणार असाल, तर साधा रबरी वॉल्व्ह काढून धातूचा, नटाने आवळायचा वॉल्व्ह बसवून घ्या. रिमची वजनमर्यादा त्याच्या पाठीमागे कोरलेली असते, तीही बघा.

मोठं माप घ्यावं का?

२५५/६० आर १८ ची एकूण उंची ७६३ मिलिमीटर. २६५/६० आर १८ ची ७७५, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास जास्त. एवढं चालतं, पण रिमवर ७ जे (म्हणजे सात इंच रुंद) लिहिलं असेल तर नको, या मापाला किमान साडेसात इंच रुंद रिम लागतो. २६५/६५ आर १८ मात्र ८०२ मिलिमीटर, पाच टक्के उंच. वेगाचा काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल, आणि चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना एक गिअर खाली उतरावं लागेल. कॅम्परने गाडी आधीच डोकेजड झालेली असते, तिला आणखी उंच करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घासतं का, हे कॅम्पर चढवूनच तपासा, कारण रिकाम्या गाडीचे पाटे वर असतात. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. टायर आणि आतल्या अस्तरामध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. स्टेपनीही त्याच मापाची घ्या आणि ती खालच्या पाळण्यात बसते का ते पाहा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक लहान-मोठं असेल, तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

नक्षीत ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची, पुरे. चिखलाचा खडबडीत टायर चिऱ्याच्या लाल मातीत छान पकडतो, पण पावसात ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो.

टायरच्या बाजूवरची तारीख बघूनच घ्या: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कॅम्पर बराच काळ उभा असतो, नक्षी शिल्लक असूनही बाजूला बारीक भेगा पडतात. अशा टायरची नक्षी मोजत बसू नका, बदला.

नवीन टायर बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर भरल्या गाडीने आमच्या दुकानात परत या, नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून देतो. येताना काट्याच्या पावत्या सोबत आणा.