स्लीप ॲप्निया आणि नेत्रविकार

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट पुन्हापुन्हा बंद होते, त्या विकाराला अवरोधक स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास किमान १० सेकंद अडतो. असे प्रसंग तासाला ५ किंवा अधिक असतील तर विकार आहे असे धरतात, ३० किंवा अधिक असतील तर तो तीव्र समजतात. मोठ्याने घोरणे ही आपल्याकडे गाढ झोपेची खूण मानली जाते. वास्तविक, घोरता घोरता मध्येच शांत होणारा आणि मग दचकून श्वास घेणारा माणूस रात्रभर धड झोपलेलाच नसतो. या विकाराचे हृदयावर आणि मेंदूवर होणारे परिणाम बहुतेकांना ऐकून माहीत असतात, डोळ्यांवरचे मात्र सहसा नसतात.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. श्वास परत सुरू होताना रक्तदाब एकदम चढतो. दृष्टीची नस डोळ्यात शिरते त्या जागेचा रक्तपुरवठा अतिशय बारीक वाहिन्यांवर अवलंबून असतो, आणि हा चढउतार त्या वाहिन्यांना रात्रभर सोसावा लागतो.

सर्वांत ठळक खूण पापणीवर दिसते. वरची पापणी रबरासारखी लिबलिबीत होते आणि बोटाने हलकेच वर ओढली तरी उलटते. कल्बर्टसन आणि ऑस्टलर या डॉक्टरांनी १९८१ मध्ये स्थूल पुरुषांमधील पापणीच्या या विकाराचे वर्णन केले. योगायोगाने त्याच वर्षी सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी स्लीप ॲप्नियावरचा सीपॅप हा, मास्कमधून हवेचा दाब देण्याचा, उपचार प्रसिद्ध केला. पापणीला ताठपणा देणारे इलॅस्टिन तंतू या रुग्णांत कमी झालेले असतात. झोपेत पापणी उलटून उशीवर घासते, म्हणून ज्या कुशीवर माणूस झोपतो त्या बाजूचा डोळा बहुधा जास्त लाल होतो, चुरचुरतो आणि सकाळी चिकट स्रावाने भरलेला असतो. ॲलर्जी समजून महिनोन्‌महिने थेंब घालणारे रुग्ण यातूनच निघतात. अशी पापणी असलेल्या बहुतेकांना स्लीप ॲप्निया असतो. उलट, स्लीप ॲप्निया असलेल्या थोड्यांचीच पापणी अशी होते. म्हणून ही पापणी दिसली की घोरण्याबद्दल विचारायलाच हवे, आणि तेही शेजारी झोपणाऱ्या माणसाला, कारण रुग्णाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही.

सर्वांत गंभीर संबंध दृष्टीच्या नसेच्या झटक्याशी, म्हणजे तिचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याशी आहे. रुग्ण सकाळी उठतो तो एका डोळ्यापुढे, बरेचदा खालच्या अर्ध्या भागात, अंधारी घेऊनच. दुखत काहीच नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात अशा १७ रुग्णांपैकी १२ जणांना स्लीप ॲप्निया आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या १७ जणांत तो फक्त तिघांना होता. अभ्यास लहान होता, पण नंतरच्या निरीक्षणांचा कल त्याच दिशेचा आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि नसेचे जन्मजात अरुंद मुख हीदेखील या झटक्याची कारणे आहेत. गेलेली दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपचार नाही आणि दुसऱ्या डोळ्यालाही धोका राहतो. म्हणून झटक्यानंतर झोपेची तपासणी टाळणे मला गैर वाटते.

काचबिंदूबाबत पुरावा संमिश्र आहे. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही; डोळ्याचा दाब सामान्य असूनही होणाऱ्या काचबिंदूत तो अधिक संभवतो. क्वचित रात्री कवटीतला दाब वाढून दृष्टीच्या नसेला सूज येते आणि दिवसा मोजलेला दाब मात्र ठीक भरतो. मधुमेहामुळे पडद्यावर येणारी सूज आणि पडद्यातील शिरा तुंबणे यांच्याशीही संबंध नोंदला गेला आहे.

सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. मास्क नीट बसला नाही तर वरच्या कडेतून निसटणारी हवा रात्रभर डोळ्यांवर येते आणि डोळे कोरडे पडतात. अशा वेळी यंत्र बंद न करता मास्क बदलून किंवा पुन्हा बसवून घ्यावा.