मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची न दुखणारी गाठ

येऊरच्या पायवाटेवरचा कुजका ओंडका असो की वाशीतल्या बाल्कनीतली गुलाबाची कुंडी, माती आणि सडणारं लाकूड आहे तिथे गडद रंगाच्या बुरशा असतातच. एक्सोफियाला, अल्टरनेरिया ही त्यांतली नेहमी आढळणारी नावं. पालापाचोळा कुजवून त्या जगतात. निसर्गातल्या बहुतेक बुरशांना आपल्या शरीराचं 37 अंश तापमानच सोसत नाही. ज्यांना सोसतं त्यांचा समाचार पांढऱ्या पेशी घेतात.

मूत्रपिंड बदललेल्या माणसाचं तसं नसतं. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या रोज घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस टी-पेशी या पांढऱ्या पेशींमधल्या कॅल्सिन्युरिन या विकराला (एन्झाइमला) रोखतं आणि पेशींना लढायला उठवणारा निरोपच थांबतो. मूत्रपिंड त्यामुळेच टिकतं. पण झाडं छाटताना बोटात काटा मोडला, तर त्याच्याबरोबर आत गेलेली बुरशीही टिकते.

आठवड्यांनी, कधी महिन्यांनी बोटावर किंवा घोट्यापाशी गाठ येते. बहुतेकदा दुखत नाही, तापही नसतो. काटा टोचल्याचं रुग्ण केव्हाच विसरलेला असतो. साधी गाठ समजून ती काढतात आणि सगळीच्या सगळी फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रासायनिक द्रवात, टाकतात. हे व्हायला नको. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तपकिरी तंतू दिसतात खरे, पण ती नेमकी कोणती आणि तिला कोणतं औषध लागू पडेल, हे कळायला ती जिवंत हवी. म्हणून एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये घालून कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवायलाच हवा. कल्चरला काही आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धरावा.

तंतूंचा तपकिरी रंग मेलॅनिनचा. हे रंगद्रव्य बुरशीला उन्हापासून वाचवतं, आणि पांढऱ्या पेशी जी मारक रसायनं सोडतात त्यांच्यापासूनही. 2021 मध्ये कोविडच्या रुग्णांमध्ये पसरलेला म्युकरमायकोसिस मात्र वेगळ्या कुळातल्या बुरशीचा. तो काही दिवसांत नाक-डोळ्यांपर्यंत चढतो. ही गाठ महिनोन्महिने तशीच बसून राहते.

उपचार म्हणजे गाठ पूर्ण काढणं आणि जोडीला इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. खरी कसरत पुढे असते. यकृतातलं जे विकर टॅक्रोलिमस मोडतं, त्यालाच ही औषधं अडवतात. रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि ज्या मूत्रपिंडासाठी एवढा खटाटोप, त्यालाच इजा पोचते. त्यामुळे व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक-तृतीयांशावर आणतात आणि पातळी वारंवार तपासतात. बुरशीचं औषध थांबवताना डोस पुन्हा वाढवावा लागतो, नाहीतर शरीर मूत्रपिंड नाकारू लागतं.

हेच इट्राकोनॅझोल आपल्याकडे नायट्यासाठी सर्रास दिलं जातं. पावसाळ्यात जांघेत नायटा उठला म्हणून प्रत्यारोपण झालेल्याने शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ते मेडिकलमधून आणू नये. आधी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, फोन करावा. मातीत हात घालताना जाड हातमोजे घालावेत, अंगणातही अनवाणी फिरू नये. गाठ दाखवायला जाल तेव्हा बागकामाचं, काट्याचं, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आवर्जून सांगावं.